धूर कुठून जातो? चुलीपासून भिंतीतल्या ओव्हनपर्यंत : मराठवाड्याच्या स्वयंपाकघरातील अग्नीचा इतिहास

१/ गेल्या महिन्यात लातूरला आत्याच्या नव्या सदनिकेत जाणे झाले. ओट्याशेजारच्या कपाटात बसवायचा विजेचा ओव्हन त्याच दिवशी आला होता. नांदेडहून आलेली आजी खुर्चीत बसून सगळे पाहत होती. काच, बटणे, लखलखीत जाळी असे सारे निरखून झाल्यावर तिने एकच प्रश्न विचारला, "ह्याचा धूर कुठून जातो गं?" सगळे हसले. मला मात्र तो प्रश्न सुटेना. आजचा हा प्रदीर्घ धागा त्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी आहे.

२/ त्याच दुपारी आणखी एक गोष्ट घडली. ओव्हन जोडायला आलेल्या माणसाने कपाटामागे वेगळी जोडणी नाही असे पाहिले, आणि मिक्सरसाठीच्या छोट्या सॉकेटमधून एक्स्टेन्शन बोर्ड घेऊन काम उरकण्याची तयारी केली. त्या बोर्डाच्या वायरीत अर्थिंगची हिरवी तारच नव्हती. आजी एवढेच म्हणाली, "नवी चूल पेटवायच्या आधी ती वाळू द्यावी लागते. एवढी घाई कशाला?" जोडणी त्या दिवशी थांबली. तिला वीजशास्त्र ठाऊक नव्हते, परंतु अग्नीला घरात घेण्यापूर्वी त्याची व्यवस्था लावावी लागते, हे ती पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवाने जाणत होती.

३/ प्रारंभ दूरच्या काळापासून करू. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगाव येथे डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनी १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांची ही वसाहत सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीची. तेथील कुडाच्या घरांत चुली सापडल्या आणि अंगणांत अग्निकुंडासारखे मोठे खड्डेही. रोजच्या स्वयंपाकाचा अग्नी घरात आणि मोठा, भाजणीचा अग्नी घराबाहेर, ही विभागणी दख्खनमध्ये इतकी जुनी आहे. पुढील सर्व इतिहास ही सीमारेषा कशी सरकत गेली याचाच इतिहास आहे.

४/ मग प्रश्न पडतो की आपल्याकडे घराघरांत ओव्हन का नव्हता? उत्तर पिकात आहे. मराठवाडा हा ज्वारीचा प्रदेश. गव्हातील ग्लुटेनमुळे कणकेला ताण येतो, ती वायू धरून ठेवते आणि भट्टीत पाव फुगतो. ज्वारीत ग्लुटेन नाही. तिचे पीठ गरम पाण्यात मळावे लागते, भाकरी हाताने थापावी लागते आणि लगेच तव्यावर टाकावी लागते. ज्या प्रदेशाचे मुख्य अन्न भाकरी, त्या प्रदेशाला बंदिस्त भट्टीची रोज गरज पडत नाही.

५/ परंतु ओव्हनचे तत्त्व आपल्या चुलीत नव्हतेच, असे समजणे चूक ठरेल. तव्यावरून उतरवलेली भाकरी चुलीच्या तोंडाशी, ओढलेल्या निखाऱ्यांसमोर उभी केली की टम्म फुगते. येथे भाकरीला उष्णता तव्याच्या स्पर्शाने मिळत नाही, निखाऱ्यांच्या प्रारणाने मिळते. आजच्या ओव्हनमधील वरची तापलेली सळी नेमके हेच करते. गोवऱ्यांच्या आरात भाजलेले रोडगे आणि शेतातल्या आगटीत भाजलेला हुरडा ही त्याच तत्त्वाची मोकळ्या रानातली रूपे होत.

६/ बंदिस्त भट्टी आपल्याकडे आली ती गव्हाच्या आणि सत्तेच्या वाटेने. पश्चिम किनाऱ्यावर पोर्तुगिजांबरोबर पाव आला. दख्खनमध्ये मुस्लिम राजवटींबरोबर तंदूर व नान रुजले. मराठवाडा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानाचा भाग असल्याने येथील शहरांतील बेकरीवर हैदराबादी वळण दिसते. पण हे सारे बाजारातले अग्नी होते. पावभट्टी बेकरीवाल्याची, तंदूर खानावळीतला. घरातला अग्नी मात्र चुलीचाच राहिला.

७/ या चुलीची निगा हा एक स्वतंत्र आचार होता. पहाटे राख काढायची, पोतेरे घालायचे, भेगा मातीने लिंपायच्या, मगच जाळ करायचा. तुराट्या आणि पऱ्हाट्या भराभर पेटतात, गोवरी मंद जळते. कोणत्या पदार्थाला कोणते सरपण, हे ज्ञान बायकांच्या हातात होते. मुख्य जाळाशेजारच्या वैलावर आमटी उकळत राहायची, म्हणजे एकाच जाळावर दोन भांडी. चुलीची राख भांडी घासायला जायची. वापर आणि निगा या दोन वेगळ्या गोष्टी मानल्याच जात नव्हत्या.

८/ भाषेतही चूल खोलवर रुजली आहे. 'घरोघरी मातीच्या चुली' ही म्हण सर्वांना ठाऊक आहे. 'चूल वेगळी झाली' म्हणजे कुटुंब विभागले. 'चूलबंद आमंत्रण' म्हणजे त्या दिवशी यजमानाने सगळ्या घराच्या जेवणाची जबाबदारी घेतली. आजही भारतीय जनगणनेत कुटुंबाची व्याख्या करताना एका सामाईक स्वयंपाकघरात जेवणारी माणसे हा निकष वापरला जातो. राज्यसंस्थेनेही कुटुंब मोजले ते चुलीवरूनच.

९/ पण चुलीचे स्मरणरंजन करण्याचा मोह टाळला पाहिजे. मराठवाड्यातील जुन्या घरांच्या भिंती दगडमातीच्या, जाड आणि वर मातीचे जड माळवद. उन्हाळ्यात अशी घरे थंड राहतात. स्वयंपाकघर मात्र बहुधा आतले आणि अंधारे असे. धूर बाहेर पडायला छतात एखादे भोक, नाहीतर तेही नाही. काळवंडलेल्या तुळया आपण छायाचित्रांत कौतुकाने पाहतो. तीच काजळी तेथे दररोज बसणाऱ्या स्त्रीच्या छातीतही साठत होती, हे त्या छायाचित्रात दिसत नाही.

१०/ "धूर कुठून जातो?" हा प्रश्न हैदराबाद राज्यातही गंभीरपणे विचारला गेला होता. हैदराबाद अभियांत्रिकी संशोधन प्रयोगशाळेतील डॉ. एस. पी. राजू यांनी निर्धूर चुलीचा आराखडा तयार केला आणि १९५३ मध्ये कोट्यवधींसाठी धूरविरहित स्वयंपाकघरे या आशयाच्या शीर्षकाची पुस्तिका प्रसिद्ध केली. मातीचाच बंदिस्त मार्ग, त्यावर भांड्यांसाठी भोके आणि शेवटी धुराडे अशी ती रचना. त्या वर्षी नांदेड आणि आजचा लातूर जिल्हा हैदराबाद राज्यातच होते. म्हणजे हा प्रयोग आपल्याच राज्याच्या राजधानीत झालेला होता.

११/ पुढे १९८० च्या दशकात केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम राबवला. 'निर्धूर चूल' हा शब्द त्या काळात गावोगावी पोहोचला. देशभरात तीन कोटींहून अधिक चुली बसवल्या गेल्या आणि २००२ च्या सुमारास केंद्राने हा कार्यक्रम आवरता घेतला. अनेक चुली अल्पावधीत निकामी झाल्या. धुराड्यात काजळी साचे. ती काढायची कोणी व कशी, हे सांगितले गेले नव्हते. भांड्यांच्या मापाशी भोकांचे माप जुळत नसे. बसवलेल्या चुलींचे आकडे मोजले गेले. त्या किती दिवस चालल्या, याचा हिशेब मागे पडला.

१२/ इतिहासाच्या विद्यार्थ्याने येथे थांबून एक सूत्र टिपून ठेवावे. साधन घरात आल्याने सुरक्षितता येत नाही. साधनाची निगा राखण्याचे ज्ञान ज्याच्या हाती साधन आहे त्याच्यापर्यंत पोहोचले तरच ती येते. निर्धूर चूल तत्त्वतः निर्दोष असूनही काजळीपाशी अडखळली. हे सूत्र मनात ठेवूनच पुढच्या यंत्रांकडे पाहू.

१३/ दरम्यान रॉकेलचा स्टोव्ह आला. हवा भरून दाबाने चालणारा प्रायमस स्टोव्ह १८९२ च्या सुमारास स्वीडनमध्ये जन्मला आणि विसाव्या शतकात भारतीय शहरांतील मध्यमवर्गीय व कामगारांच्या घरांत सर्वत्र दिसू लागला. पिन मारणे, हवा भरणे, जास्त भरली तर सोडणे ही त्याची निगा. त्याच काळात सुती लुगड्यांची जागा नायलॉनच्या साड्या घेऊ लागल्या. कृत्रिम धागा पेट घेतो आणि वितळून त्वचेला चिकटतो. जमिनीवर ठेवलेला स्टोव्ह आणि अंगावर नायलॉन, हा संयोग जीवघेणा होता.

१४/ आणि येथे आपल्या इतिहासातील सर्वांत काळे पान येते. १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून स्त्री-संघटना विचारू लागल्या की स्टोव्हचा भडका नेहमी सुनेच्याच अंगावर का उडतो? 'अपघात' म्हणून नोंदलेल्या कित्येक मृत्यूंमागे हुंड्यासाठीचा छळ किंवा खून होता. या आंदोलनांच्या रेट्यामुळे १९८३ मध्ये भारतीय दंडसंहितेत कलम ४९८-अ आणि १९८६ मध्ये हुंडाबळीचे कलम ३०४-ब समाविष्ट झाले. स्वयंपाकघरातील अपघाताचा इतिहास लिहिताना त्याला अपघात कोणी म्हटले, हाही प्रश्न विचारावा लागतो. कोणतेही नवे यंत्र या प्रश्नाचे उत्तर देत नाही.

१५/ आता विजेकडे वळू. १८९२ मध्ये कॅनडातील ओटावा येथे थॉमस अहर्न यांनी एका हॉटेलात संपूर्ण जेवण विजेच्या भट्टीवर शिजवून दाखवले. १८९३ च्या शिकागो प्रदर्शनात विजेचे स्वयंपाकघर मांडले गेले. अडचण होती ती तारेची. लोखंडाची तार लाल होईपर्यंत तापवली की हवेत गंजून तुटे. १९०५ च्या सुमारास अमेरिकेतील अल्बर्ट मार्श यांनी निकेल आणि क्रोमियम यांचा मिश्रधातू, म्हणजे नायक्रोम, शोधला. तापल्यावर त्याच्यावर क्रोमियम ऑक्साईडचा पातळ थर बसतो आणि तोच त्याचे रक्षण करतो. टोस्टरपासून ओव्हनपर्यंत सारे त्या तारेवर उभे आहे.

१६/ मराठवाड्यात वीज उशिरा पोहोचली. संस्थानी काळात हैदराबाद शहरात हुसेनसागरकाठी औष्णिक वीजकेंद्र होते. सीमेवरील मराठी जिल्ह्यांच्या वाट्याला त्यातले फारसे काही आले नाही. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य आणि त्याचे विद्युत मंडळ अस्तित्वात आले. १९७१ मध्ये परळी वैजनाथच्या औष्णिक केंद्राचा पहिला संच सुरू झाला. २०१३ च्या दुष्काळात पाण्याअभावी हेच केंद्र बंद ठेवावे लागले होते. आपल्या विस्तवाच्या मुळाशीही शेवटी पाणीच आहे.

१७/ घरांची रचना मात्र एका रात्रीत बदलली. ३० सप्टेंबर १९९३, गणपती विसर्जनानंतरची पहाट, सुमारे ३ वाजून ५६ मिनिटे. किल्लारी परिसरात भूकंप झाला आणि दगडमातीच्या जाड भिंती व जड माळवदे झोपलेल्या माणसांवर कोसळली. हजारो माणसे गेली. माळवदाचा जो जडपणा उन्हाळ्यात आधार होता तोच घातक ठरला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतील ५२ गावे नव्या जागी वसवण्यात आली.

१८/ पुनर्वसनातील घरांचे क्षेत्रफळ जमीनधारणेवरून ठरले: २५०, ४०० आणि ७५० चौरस फूट. सरळ रस्ते, काटकोनातले भूखंड, काँक्रीटचे छत. शहरी नमुन्याच्या या घरांत सरपणाच्या चुलीचा फारसा विचार नव्हता. मग चूल बाहेर आली. पत्र्याच्या आडोशाला, अंगणाच्या कोपऱ्यात स्त्रियांनी ती पुन्हा मांडली. नकाशा काढणाऱ्याने अग्नीची जागा ठरवली नाही तर वापरणारी ती स्वतः ठरवते. इनामगावचे अंगण आणि किल्लारीचे अंगण यांत येथे फार अंतर उरत नाही.

१९/ गॅस या कथेतला मधला टप्पा. द्रवरूप पेट्रोलियम वायू १९५५ मध्ये मुंबईत घरगुती वापरासाठी आला. ग्रामीण, गरीब घरांसाठी उज्ज्वला योजना सुरू झाली १ मे २०१६ रोजी. दोन तारखांमध्ये एकसष्ट वर्षे आहेत. ओट्याने स्वयंपाक करणाऱ्या स्त्रीला उभे केले, गॅसने धूर घालवला. आणि आता भिंतीतल्या कपाटातील ओव्हनने अग्नीच दृष्टीआड केला आहे. ज्वाळा नाही, धूर नाही, राख नाही. म्हणूनच धोका दिसत नाही.

२०/ आता आजीच्या प्रश्नाचे उत्तर. ओव्हनला धूर नाही, परंतु उष्णता आहे आणि तिला वाट हवीच. कपाटात बसणाऱ्या ओव्हनमधील पंखा गरम हवा समोरच्या फटीतून बाहेर टाकतो. मागे आणि खाली हवेसाठी मोकळी जागा ठेवावी लागते. कपाटाची मागची फळी बंद ठेवली किंवा समोरच्या फटीवर टॉवेल वाळत घातला, तर आतली वायर आणि लाकूड वर्षानुवर्षे भाजत राहते. उत्पादकाच्या पुस्तिकेत दिलेली अंतरे म्हणजे या नव्या चुलीचे धुराडे होय. ते बुजवू नये.

२१/ दुसरा प्रश्न सरपणाचा, म्हणजे विजेचा. ३००० वॅटचा ओव्हन २३० व्होल्टवर सुमारे १३ अँपिअर प्रवाह ओढतो. मिक्सरचा छोटा सॉकेट ६ अँपिअरचा असतो. म्हणून ओव्हनला वितरण पेटीपासून स्वतंत्र जोडणी, योग्य जाडीची तांब्याची वायर, १६ अँपिअरचा सॉकेट किंवा थेट जोडणी आणि वेगळा एमसीबी हवा. एक हिशेब पाहा: सैल सॉकेटमध्ये केवळ ०.१ ओहम रोध असेल तरी १३ अँपिअरवर त्या बोटभर जागेत सुमारे १७ वॅट उष्णता सतत निर्माण होते. प्लॅस्टिक वितळायला तेवढी पुरेशी आहे. एक्स्टेन्शन बोर्डाला येथे स्थान नाही.

२२/ तिसरा प्रश्न जमिनीचा, आणि तो खास आपला आहे. धातूच्या पेटीत वीज उतरली तर ती माणसातून न जाता जमिनीत जावी, म्हणून अर्थिंग. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांनीही ते बंधनकारक केले होते. परंतु मराठवाड्याची काळी माती उन्हाळ्यात आकसते, भेगाळते आणि तिच्याखाली बेसॉल्टचा खडक. अर्थिंगच्या खड्ड्याभोवतीची माती सुकली की रोध वाढतो. जुने वायरमन कोळसा व मीठ घालून उन्हाळ्यात खड्ड्यात पाणी सोडायला सांगतात, ते उगाच नव्हे. दरवर्षी उन्हाळ्यापूर्वी अर्थिंग मोजून घ्यावे आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून दर महिन्याला त्याचे चाचणीचे बटण दाबून पाहावे.

२३/ चौथी गोष्ट विजेच्या दाबाची. उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. २३० ऐवजी १८० व्होल्ट मिळाले तर ओव्हनची शक्ती ६१ टक्क्यांवर येते. केक कच्चा राहिला तर दोष नेहमी हाताचा नसतो. २६० व्होल्ट झाले तर ती २८ टक्क्यांनी वाढते आणि मग तार, दिवा, इलेक्ट्रॉनिक पट्टी यांच्यावर ताण येतो. आपल्या आजीने ओल्या तुराट्यांचा जाळ ओळखला, तसा आपणही आपल्या घरातील विजेचा स्वभाव ओळखायला हवा.

२४/ किल्लारीचा धडा येथेही लागू पडतो. ओव्हनसाठी कोनाडा करायचा म्हणून भार पेलणारी भिंत, स्तंभ किंवा भूकंपरोधक आडवा पट्टा फोडू नये. जुन्या घरात ही चूक सहज होते, कारण भिंत कापणाऱ्याला ओव्हनचे माप दिसते, भूकंप दिसत नाही. तसेच ओव्हन कपाटाला दिलेल्या स्क्रूंनी घट्ट बांधावा. दार उघडे असताना त्यावर जड भांडे ठेवले किंवा मुलाने भार दिला, तर न बांधलेली पेटी पुढे झुकते.

२५/ आता रोजची निगा. चूल वाळवतात तसा नवा ओव्हन प्रथम रिकामाच, खिडक्या उघड्या ठेवून, पुस्तिकेत सांगितलेल्या तापमानावर तापवावा. कारखान्यातील तेलाचा वास जळून जातो. तळाला ॲल्युमिनियमची फॉइल अंथरू नये, उष्णता कोंडते आणि आतला मुलामा तडकतो. तापलेल्या काचेवर पाणी मारू नये. भांडे काढताना कोरडे, जाड हातमोजे वापरावेत. ओल्या फडक्यातील पाण्याची वाफ होऊन हात भाजतो. सांडलेली चरबी ओव्हन कोमट असतानाच पुसावी, नाहीतर पुढच्या वेळी तीच धूर करते आणि क्वचित पेटतेही. दाराच्या रबरी पट्टीला हळुवार पुसावे, खरवडू नये. दिवा बदलण्यापूर्वी मुख्य स्विच बंद करावा.

२६/ पावसाळ्याविषयी एक सूचना. तापणाऱ्या सळीच्या नळीत तारेभोवती मॅग्नेशियम ऑक्साईडची भुकटी भरलेली असते. ती वीज अडवते, पण दमट हवेतील ओल शोषून घेते. कित्येक आठवडे न वापरलेला ओव्हन श्रावणात लावताच आरसीसीबी पडला, तर बहुधा हेच कारण असते. अशा वेळी आरसीसीबी काढून टाकणे किंवा अर्थिंगची तार सोडून देणे हा आत्मघात होय. जाणकार वायरमनकडून तपासून, सळी वाळवून घ्यावी.

२७/ आणि आत काही पेटलेच तर? दार उघडू नये. हवा मिळाली की ज्वाळा वाढते. भिंतीवरचा मुख्य स्विच बंद करावा, दार मिटलेले ठेवावे, आग आपोआप गुदमरते. पाणी टाकू नये. ज्वाळा बाहेर येत असतील तर घर सोडावे आणि १०१ वर अग्निशमन दलाला कळवावे. शिकवताना हे घरातील सर्वांना शिकवावे. मुख्य स्विच कोठे आहे हे फक्त घरातल्या पुरुषालाच ठाऊक असणे, हाही निर्धूर चुलीच्या काजळीसारखाच दोष आहे.

२८/ आत्याच्या घरी आठ दिवसांनी दुसरा वायरमन आला. त्याने स्वतंत्र वायर ओढली, अर्थिंग तपासले, कपाटाची मागची फळी कापून हवेला वाट केली. आजीने मधल्या काळात पोतेरे घालण्याच्या थाटात कपाट पुसून ठेवले होते. पहिल्यांदा ओव्हन तापला तेव्हा तिने पुढच्या फटीपाशी हात धरला, गरम वारा लागला तशी म्हणाली, "हां, इथून जातो." तिच्या प्रश्नाचे उत्तर तिनेच शोधले होते.

२९/ मित्रहो, चुली फार काळ टिकत नाहीत; मातीत मिसळून जातात. राजांच्या सनदा जपल्या गेल्या, पण आपल्या पणजीने चूल कशी लिंपली याची नोंद कोणी ठेवली नाही. ती आपणच ठेवू शकतो. आपल्या घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांना विचारा: चूल कोठे होती, सरपण कोणते, धूर कुठून जायचा, स्टोव्ह कधी आला, गॅसचे पहिले सिलिंडर कोणत्या वर्षी? गावाच्या नावासह खाली लिहा. आणि विचारून झाल्यावर एकदा आपल्या स्वयंपाकघरातील आरसीसीबीचे बटणही दाबून पाहा.